काइबारा एक्केन यांचा ‘योजोकुन’

पोटाचे दहांपैकीं आठ हिस्से भरले कीं पानावरून उठावें, हें जपानी वचन आतां दूरदेशींही परिचित झालें आहे. परंतु मिताहाराची ही शिकवण साध्या भाषेंत सामान्य वाचकांपुढें मांडणारा पंडित मात्र फारसा कोणास ठाऊक नसतो.

काइबारा एक्केन यांचा जन्म १६३० सालीं फुकुओका येथें, कुरोदा सरदारांच्या पदरीं असलेल्या घराण्यांत झाला. प्रकृति लहानपणापासून नाजूक. त्यांतच तरुणपणीं धन्याची मर्जी खप्पा होऊन सुमारें सात वर्षें चाकरीवांचून काढावीं लागलीं. पुढच्या सरदारानें त्यांना परत बोलावलें व क्योतो येथें अध्ययनास पाठविलें. १७०९ सालीं त्यांचा वनस्पति व प्राणी यांवरील मोठा ग्रंथ निघाला. आणि १७१३ सालीं, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षीं, ‘योजोकुन’ म्हणजे आरोग्यरक्षणाचा उपदेश. पंडितांची चिनी भाषा सोडून तो त्यांनीं मुद्दाम सुबोध जपानींत लिहिला.

एक्केन यांचा खरा झगडा दैववादाशीं होता. मनुष्याची आयुर्मर्यादा शंभर वर्षें. ऐंशी हें मध्यम, साठ हें कनिष्ठ. बहुतेक लोक अल्पायुषी जन्मत नाहींत, ते स्वतःच आयुष्य तोडतात, असें त्यांचें म्हणणें. देहांत ‘कि’ नामक प्राणशक्ति खेळती राहिली पाहिजे. ती तुंबली कीं रोग. म्हणून एके जागीं फार वेळ बसूं नये, जेवून लागलीच आडवें होऊं नये, अंगणांत कांहींशें पावलें सावकाश चालावें. शतपावली घालणाऱ्या मराठी माणसास यांत नवल वाटणार नाहीं!

मात्र केवळ मिताहारानें सर्व साधत नाहीं. त्याच काळीं एदो शहरांत सडीच्या शुभ्र भातावर राहणाऱ्यांस बेरीबेरी जडे. किती खावें याइतकाच काय खावें हा प्रश्न तेथें होता. १८८४ सालीं आरमाराचे वैद्य ताकाकी कानेहिरो यांनीं ‘त्सुकुबा’ जहाजावर आहार पालटून पाहिला, तेव्हां रोगाचें मूळ अन्नांत असल्याचें दिसून आलें. कोंड्याबरोबर ‘ब१’ जीवनसत्त्व निघून जातें, हें ज्ञान त्याहूनही नंतरचें.

ग्रंथांत एक्केन सांगतात कीं, या वयांतही रात्रीं बारीक अक्षर वाचतां-लिहितां येतें आणि दांत एकही पडलेला नाहीं. त्यांच्या पत्नी तोकेन यांचीही प्रकृति तोळामासाच. तरी त्यांनीं साठी ओलांडली. ग्रंथ पुरा झाल्यावर थोड्याच अवधींत त्या वारल्या, आणि १७१४ सालीं एक्केनही गेले.