मराठी ख्रिस्ती मंडळीतील नेतृत्व : अहमदनगरचा अनुभव (१८३१–१९१९)

प्रस्तावना :
धर्मसंस्थेतील नेतृत्व केवळ धर्मग्रंथातून किंवा संस्थेच्या नियमावलीतून आकाराला येत नाही. ती संस्था ज्या समाजात रुजते, तेथील प्रतिष्ठेच्या कल्पना, अर्थव्यवहार व भक्तिपरंपरा यांचाही नेतृत्वावर प्रभाव पडतो. प्रस्तुत निबंधात अमेरिकन मराठी मिशनच्या अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथील कार्याच्या आधारे या प्रभावाचा विचार केला आहे.

मिशनची चौकट :
अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आले आणि १८३१ मध्ये त्यांनी अहमदनगर येथे केंद्र स्थापन केले. ते मुख्यत्वे काँग्रिगेशनल परंपरेतील होते. या परंपरेत बिशप नसतो. स्थानिक मंडळी आपला पाळक स्वतः निवडते. १८५४ मध्ये मिशनच्या मातृसंस्थेचे सचिव रूफस अँडरसन भारतात आले. स्थानिक मंडळ्या स्वयंशासित, स्वावलंबी व स्वयंप्रसारक व्हाव्यात, असे त्यांचे धोरण होते. त्याच वर्षी अहमदनगर येथे हरिपंत खिस्ती व रामकृष्णपंत मोडक यांना पाळकदीक्षा देण्यात आली.

धोरण व वास्तव यांत मात्र अंतर राहिले. खेड्यापाड्यांतील धर्मांतरित बहुतांशी महार व मांग समाजातील होते. बलुते व मजुरी यांवर जगणाऱ्या या कुटुंबांना पाळकाचे वेतन देणे कठीण होते. साहजिकच ते मिशनच्या निधीतून दिले जाई आणि ज्याच्या हाती निधी, त्याच्याच हाती अंतिम निर्णय राही. अमेरिकेतील स्वावलंबी मंडळीच्या अनुभवावर आधारलेली लोकशाही रचना येथे गावगाड्याच्या दारिद्र्यापाशी अडखळली.

जातीचा प्रश्न :
मंडळीतील बहुसंख्य सभासद अस्पृश्य मानलेल्या जातींतील असताना पहिले दोन पाळक मात्र ब्राह्मण कुटुंबांतून आलेले होते. यात मिशनऱ्यांची केवळ पसंती पाहणे अपुरे ठरेल. साक्षरता व शास्त्रचर्चेची सवय जातिव्यवस्थेने मूठभरांपुरती मर्यादित ठेवली होती. त्या विषमतेचे प्रतिबिंब मंडळीच्या नेतृत्वातही उमटले. पुढे मिशनच्या शाळांतून शिकलेले दलित शिक्षक व पाळक उभे राहिले, ही त्या काळातील महत्त्वाची सामाजिक घटना होय.

टिळकांचा पर्याय :
नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला व १९०४ मध्ये त्यांना पाळकदीक्षा मिळाली. १९१२ पासून त्यांनी ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन केले. ख्रिस्ताकडे आपण तुकारामांच्या मार्गाने आलो, अशी त्यांची धारणा होती. अभंग, भजन व कीर्तन यांतून त्यांनी उपासनेला मराठी वळण दिले. महाराष्ट्रात अधिकार पदावरून नव्हे, तर अनुभव व त्याग यांवरून मानला जातो, हे त्यांनी ओळखले होते. १९१७ मध्ये मिशनच्या वेतनाचा त्याग करून त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, असे दोन्ही ख्रिस्तभक्त त्यात सामावावेत, ही त्यांची कल्पना होती. पगारी पाळकाऐवजी संताच्या आदर्शावर उभे राहणारे हे नेतृत्व होते. दोन वर्षांतच त्यांचे निधन झाले आणि दरबार संस्था म्हणून स्थिरावू शकला नाही.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. संतपरंपरा ही सर्वांना सारखीच आपली वाटणारी होती काय? अभंग महारवाड्यालाही परका नव्हता; चोखामेळा त्याच परंपरेतील. परंतु चोखोबांना मंदिराबाहेरच राहावे लागले, ही स्मृतीही त्याच परंपरेची आहे. वेतन सोडणे हे टिळकांचे वैराग्य ठरले. परंतु दलित शिक्षक-पाळकाच्या दृष्टीने तेच वेतन बलुत्याच्या बंधनातून सुटकेचे साधन होते. त्यागाचा हा आदर्श सर्वांना सारखाच परवडणारा नव्हता.

निष्कर्ष :
अहमदनगरच्या मंडळीत नेतृत्वाचे दोन नमुने दिसतात : मिशनचा वेतनी पाळक आणि भक्तिपरंपरेतील संत. जातीने दिलेली किंवा नाकारलेली प्रतिष्ठा या दोहोंमागे कार्यरत होती. नेतृत्व स्थानिक संस्कृतीशी सुसंगत असावे, हे तत्त्व सर्वमान्य आहे. तथापि संस्कृती एकसंध नसते. म्हणून इतिहासाच्या अभ्यासकाने नेतृत्व देशी झाले काय, एवढेच विचारून थांबू नये. ते देशातील कोणाचे झाले, हेही विचारणे आवश्यक आहे.