भोर घाटातले पूल: पाहावेत, पण लांबून

बचत गटाच्या सहली निघाल्या की लोणावळा-खंडाळ्याचं नाव निघतंच. तिथे गेलात तर चिक्की जरूर घ्या, पण भोर घाटातली रेल्वे आणि तिचे दगडी पूलही बघा. ते कुणी बांधले, हे आज सांगते.

कर्जतकडून लोणावळ्याकडे चढणाऱ्या या मार्गाचं काम १८५६ साली सुरू झालं. सुमारे १६ मैलांत १,८३१ फुटांचा चढ, २५ बोगदे आणि आठ मोठे पूल. १८६१ मध्ये इथे सुमारे ४२ हजार माणसं राबत होती. पुरुष सुरुंग लावून कातळ फोडत, बायका डोक्यावरून माती-दगड वाहत, मुलंही हाताखाली असत. पटकीच्या साथीत कितीतरी जीव गेले. जानेवारी १८५९ मध्ये मजुरी थकली म्हणून मजुरांनी दंगा केला. पुढे फॅव्हिएल या ठेकेदाराने ठेकाच सोडला.

नवे ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल इंग्लंडहून आले आणि काही आठवड्यांतच वारले. मग त्यांची बायको ॲलिस हिने ठेका आपल्याकडे घेतला. देखरेखीला दोन जाणकार माणसं नेमली आणि काम तडीस नेलं. १८६३ मध्ये घाटातून गाडी सुरू झाली.

ठेका ॲलिसच्या नावावर होता, म्हणून तिचं नाव इतिहासात राहिलं. डोक्यावर दगड वाहणारीचं नाव मात्र कुठे सापडत नाही. आपण गटाच्या वहीत प्रत्येकीचं नाव आणि हप्ता लिहितो, तो नुसता हिशेब नसतो. ती आपल्या कामाची नोंद असते.

आता पूल बघायचा कसा? सगळ्यात चांगली जागा म्हणजे गाडीची खिडकी. कर्जतला अनेक गाड्यांना मागून जोर द्यायला जादा इंजिनं लावतात. फलाटावर पिवळ्या पट्टीच्या आत उभं राहून तेही मुलांना दाखवा. खाली उतरून बघायचं तर रस्त्याकडेच्या कठडा असलेल्या जागेवरूनच बघा.

फोटोसाठी रुळांवर, पुलावर किंवा बोगद्यात अजिबात जाऊ नका. पुलावर बाजूला व्हायला जागा नसते आणि गाडी चटकन थांबत नाही. घाटात तीन मार्ग आहेत. एका गाडीच्या आवाजात दुसरीचा आवाज ऐकूच येत नाही. दारात लटकू नका, वरच्या विजेच्या तारेकडे काठी किंवा छत्री नेऊ नका. विनापरवाना रुळांवर जाणं कायद्याने गुन्हाही आहे. अडचण आली तर १३९ लावा.

हा मार्ग बांधताना पुष्कळ जीव गेलेत. तो बघताना आणखी एकही जायला नको. निघताना सगळ्यांची नावं वहीत लिहा आणि परतल्यावर तीच वही उघडून हजेरी घ्या.