मोटार अपघात दाव्यांचे अधिकारक्षेत्र

मोटार अपघातात झालेल्या शारीरिक इजेबद्दल किंवा मृत्यूबद्दल नुकसानभरपाईचा दावा कोणत्या न्यायासनापुढे चालावा, हे ठरविणारे विधिनियम. वाहनातून जाणारी व्यक्ती पुष्कळदा आपल्या गावापासून दूर जखमी होते. त्यामुळे दावा कोठे दाखल करावयाचा, यावर भरपाईचा हक्क प्रत्यक्षात बजावता येणे बरेचसे अवलंबून असते.

भारतात प्रारंभी असे दावे दिवाणी न्यायालयांत चालत. मृताच्या नातलगांना १८५५ च्या प्राणांतिक अपघात अधिनियमान्वये दावा करता येई. जखमी व्यक्तीचा दावा अपकृत्यविधीच्या तत्त्वांवर आधारलेला असे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या १९ व्या कलमानुसार अपकृत्य जेथे घडले तेथे किंवा प्रतिवादी जेथे राहतो अथवा धंदा करतो तेथे, वादीच्या इच्छेनुसार, दावा लावता येई. तथापि दाव्याच्या रकमेनुसार आकारले जाणारे न्यायालयशुल्क व कामकाजातील दिरंगाई यांमुळे गरीब जखमींना हा मार्ग दुष्कर होता. १९३९ च्या मोटार वाहन अधिनियमातील सक्तीच्या विम्याच्या तरतुदी १९४६ मध्ये अंमलात आल्या. त्यामुळे भरपाई देणारा निश्चित झाला, परंतु न्यायालयाची वाट तीच राहिली.

१९५६ च्या दुरुस्तीने राज्य शासनांना मोटार अपघात दावा न्यायाधिकरणे स्थापण्याचा अधिकार मिळाला. त्यांची चौकशी संक्षिप्त पद्धतीची असून निवाड्यावर उच्च न्यायालयात अपील करता येते. जेथे न्यायाधिकरण असेल, तेथे दिवाणी न्यायालयाची अधिकारिता संपुष्टात आली. १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असेही ठरविले, की न्यायासनातील हा बदल प्रक्रियाविषयक असल्याने न्यायाधिकरण स्थापन होण्यापूर्वीच्या अपघाताचा अर्जही त्याच्यापुढेच करता येतो. मात्र सुलभतेसाठी केलेल्या या योजनेत एक जुनी सोय नाहीशी झाली : अर्ज केवळ अपघातस्थळाच्या न्यायाधिकरणाकडेच करावा लागे. परगावी जखमी झालेल्या रत्नागिरीच्या माणसाला उपचार चालू असताना सुनावणीसाठी त्या परक्या गावी जाणे भाग पडे. १९८८ च्या अधिनियमातही हे बंधन कायम राहिले.

१९९४ च्या दुरुस्तीने १६६ व्या कलमात मूलगामी बदल झाला. अपघाताचे स्थळ, अर्जदाराचे निवासाचे वा व्यवसायाचे ठिकाण आणि प्रतिवादीचे निवासस्थान यांपैकी कोणत्याही ठिकाणच्या न्यायाधिकरणाची निवड अर्जदाराला करता येऊ लागली. स्वतःच्या गावी दावा लावण्याची मुभा जुन्या दिवाणी कायद्यातही नव्हती. त्याच वेळी अर्जाची मुदतही रद्द झाली. कामावर असताना अपघात झालेल्या कामगाराला मात्र १६७ व्या कलमानुसार १९२३ चा कामगार नुकसानभरपाई अधिनियम किंवा हा अधिनियम यांपैकी एकाच मार्गाचा अवलंब करता येत असे.

न्यायालयांनी या तरतुदींचा अर्थ उदारपणे लावला आहे. हुगळी जिल्ह्यातील अपघाताचा दावा कोलकात्यात दाखल झाला असता उच्च न्यायालयाने तो अधिकारक्षेत्राबाहेरचा मानला; २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. विमा कंपनीचे कार्यालय कोलकात्यात असून तिची कोणतीही हानी झालेली नाही, तेव्हा केवळ तांत्रिक आक्षेपावर भरपाई नाकारता येत नाही, असे त्याचे तात्पर्य. एकाच अपघाताचे दावे भिन्न उच्च न्यायालयांच्या क्षेत्रांत दाखल झाल्यास पहिला दावा जेथे असेल तेथे नंतरचे वर्ग करावेत, असा निर्देश २०२२ मध्ये देण्यात आला.

२०१९ च्या दुरुस्तीने, १ एप्रिल २०२२ पासून, अर्जासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत पुन्हा घालण्यात आली. ठिकाणाच्या निवडीचे स्वातंत्र्य टिकले. ते वापरण्याचा अवधी मात्र संकुचित झाला.