प्राचीन व्यापारमार्ग आणि शालेय इतिहासाचे अध्यापन : देवगाव फाटा परिसरासाठी काही वर्गकृती

प्रस्तावना :
शालेय स्तरावर इतिहासाचे अध्यापन पुष्कळदा नावे व सनावळ्या यांच्या पाठांतरापुरते मर्यादित राहते. भूशोधकांच्या पाठात हा दोष विशेष जाणवतो. वास्को-द-गामाने १४९८ मध्ये भारताचा 'शोध' लावला, असे विद्यार्थी लिहितो. परंतु आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मलिंदी येथे गामाला वाटाड्या मिळाला होता, म्हणजेच तो सागरी मार्ग इतरांना आधीपासून ठाऊक होता, हे त्याच्या लक्षात येत नाही. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने शालेय ज्ञान शाळेबाहेरील जीवनाशी जोडण्यावर भर दिला. त्यानंतर वर्गात कृतींना स्थान मिळाले. तथापि जहाजाची प्रतिकृती किंवा वेशभूषा एवढ्याने इतिहासाची दृष्टी येत नाही. 'हे आपणांस कशावरून कळले?' हा प्रश्न ज्या कृतीत आहे, तीच इतिहासाची कृती होय.

स्थानिक संदर्भ :
परभणी जिल्ह्यातील देवगाव फाटा या गावाच्या नावातच रस्ता आहे. वाटा जेथे फुटतात तेथे माणसे, माल आणि वार्ता एकत्र येतात, हे येथील विद्यार्थी रोज पाहतो. या अनुभवावरून त्याला गोदावरी खोऱ्यातील प्राचीन व्यापाराकडे नेणे सुलभ आहे.

कृती पहिली : अंतराचा पडताळा
इ. स. च्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथाच्या अज्ञात कर्त्याने दक्षिणापथातील दोन मोठ्या बाजारपेठांचा उल्लेख केला आहे. भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर. विद्यार्थ्यांनी नकाशावर दोरा ठेवून ही अंतरे मोजावीत. भडोच ते पैठण सरळ अंतर सुमारे ३५० किलोमीटर, तर पैठण ते तेर सुमारे १५० किलोमीटर भरते. दिवसाची चाल अनुक्रमे सुमारे १७ व १५ किलोमीटर येते. माल गाड्यांतून व बिकट वाटांनी जात असे, हेही तोच ग्रंथ सांगतो. बैलगाडीची चाल जाणणाऱ्या घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून हा हिशेब ताडून पाहता येईल.

दिशा मात्र जुळत नाहीत. पैठण भडोचच्या आग्नेयेस आहे आणि तेरही पैठणच्या आग्नेयेस. अंतर बरोबर, दिशा ढोबळ, असे का झाले असावे? ग्रंथकर्ता किनाऱ्यावरील व्यापाराचा जाणकार होता. अंतर्भागाची माहिती त्याने बंदरातील व्यापाऱ्यांकडून ऐकली असावी, या तर्कापर्यंत विद्यार्थी स्वतः पोहोचू शकतात. साधन विश्वसनीय की अविश्वसनीय, एवढाच प्रश्न नसतो. ते कोणत्या बाबतीत विश्वसनीय, हे ठरवावे लागते.

कृती दुसरी : वस्तूंचा प्रवास
पैठणहून अकीकासारखे दगड व तगरहून कापड भडोचला जात असे. बेसाल्टच्या प्रदेशात सापडणाऱ्या गारगोट्या व रंगीत दगड विद्यार्थ्यांनी वर्गात आणावेत, त्यांचे वर्गीकरण करावे आणि दगडाचा मणी होईपर्यंत किती हात लागत असतील याची यादी करावी.

यानंतर हस्तिदंती मूर्तीचे उदाहरण घ्यावे. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या इटलीतील पाँपेई नगरात १९३८ मध्ये एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. तिच्याशी साम्य असणाऱ्या मूर्ती तेर येथे आणि शेजारच्या जालना जिल्ह्यातील भोकरदन येथेही मिळाल्या आहेत. तिन्ही चित्रे शेजारी ठेवून विद्यार्थ्यांनी दोन रकाने भरावेत : 'दिसते ते' आणि 'वाटते ते'. साम्य पहिल्या रकान्यात येईल. मूर्ती मराठवाड्यातून गेली असावी हे अनुमान दुसऱ्यात. पुरावा व अनुमान यांतील हा भेद पाठांतराने शिकवता येत नाही.

समारोप :
या कृतींसाठी नकाशा, दोरा, दगड व तीन चित्रे पुरेशी आहेत. कमतरता असते ती तासिकेच्या वेळेची आणि शिक्षकाच्या तयारीची. अध्यापक विद्यालये व महाविद्यालयांतील इतिहास विभागांनी स्थानिक साधनांच्या छोट्या पुस्तिका तयार केल्यास ही उणीव भरून निघेल. इतिहास दूर कोठेतरी घडला, अशी समजूत घेऊन मोठा होणारा विद्यार्थी भोवतालचे अवशेष निरुपयोगी समजतो. आपल्या मुलखातील माल रोमन जगापर्यंत पोहोचला होता हे ज्याने स्वतः मोजून पाहिले, तो शेतात सापडलेले खापर सहसा फेकून देणार नाही.