वापरलेल्या छोट्या मोटारीची खरेदी (भारत)

वापरलेल्या छोट्या मोटारीची खरेदी म्हणजे एका किंवा अधिक मालकांनी आधी वापरलेली, आखूड बांध्याची, कमी क्षमतेच्या इंजिनाची आणि शहरातील रोजच्या प्रवासाला सोयीची मोटार विकत घेण्याचा व्यवहार होय. बोलीभाषेत अशा मोटारीला 'सेकंड हँड गाडी' किंवा नुसते 'जुनी गाडी' म्हणतात. भारतात या व्यवहाराची दोन अंगे आहेत: पहिले वाहनाची पारख आणि दुसरे मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार होणारे मालकीचे हस्तांतरण. पैसे चुकते होऊन किल्ली हाती आली, तरी नोंदणी प्रमाणपत्रावरील नाव बदलेपर्यंत कायद्याच्या दृष्टीने व्यवहार अपुराच राहतो.

छोटी मोटार: संज्ञा आणि पार्श्वभूमी

भारतात 'छोटी मोटार' ही संज्ञा मुख्यतः करआकारणीतून रूढ झाली. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ४ मीटरपर्यंत लांबीच्या आणि पेट्रोल असल्यास १,२०० घन सेंटीमीटर, तर डिझेल असल्यास १,५०० घन सेंटीमीटरपर्यंत इंजिन असलेल्या मोटारींवरील उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले गेले. पुढे अनेक उत्पादकांनी या मर्यादा समोर ठेवूनच नवी मॉडेल्स आखली. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या मोटारींवरील वस्तू व सेवा कराचा दर २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. नव्या गाडीची किंमत उतरली की जुन्या गाडीच्या भावावरही त्याचा दाब येतो.

मारुती ८०० ही ७९६ घन सेंटीमीटरच्या तीन सिलिंडरी इंजिनाची मोटार डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. १९९८ मध्ये ह्युंदाई सँट्रो व टाटा इंडिका, १९९९ मध्ये मारुती वॅगन आर आणि २००० मध्ये मारुती अल्टो बाजारात आल्या. पुढे या आणि अशा इतर मोटारी पहिल्या मालकांकडून दुसऱ्या-तिसऱ्या मालकांकडे जाऊ लागल्या. दुचाकीवरून मोटारीकडे वळणाऱ्या अनेक कुटुंबांची पहिली चारचाकी अशी वापरलेलीच असते.

माहितीची विषमता

वापरलेल्या मोटारीचा बाजार अर्थशास्त्रात एका विशिष्ट कारणाने प्रसिद्ध आहे. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात या बाजाराचे उदाहरण घेऊन माहितीच्या विषमतेचा सिद्धांत मांडला. गाडीतील दोष विकणाऱ्याला ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. त्यामुळे घेणारा प्रत्येक गाडी सदोष असू शकते असे धरूनच कमी किंमत देऊ करतो. त्या किमतीला चांगली गाडी विकणे परवडत नसल्याने चांगल्या गाड्यांचे मालक बाजारातून मागे सरतात आणि सदोष गाड्यांचे प्रमाण वाढते. या क्षेत्रातील कार्याबद्दल अकेरलॉफ यांना २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह मिळाले. खरेदीपूर्वीची तपासणी, देखभालीची नोंदवही, विक्रेत्याने दिलेली हमी आणि सरकारी नोंदी ही सर्व ही विषमता कमी करण्याची साधने आहेत.

निवडीचे निकष

वय आणि सुरक्षा: मोटारीच्या उत्पादनाच्या वर्षावरून तिच्यातील सुरक्षा साधनांचा अंदाज येतो. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातील पाच लोकप्रिय छोट्या मोटारींच्या मूळ, एअरबॅग नसलेल्या आवृत्त्यांची धडक चाचणी घेतली. प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेत त्या पाचही मोटारींना एकही तारा मिळाला नाही. त्यानंतर नियम टप्प्याटप्प्याने कडक झाले. एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना एबीएस, तर जुलै २०१९ पासून चालकासाठी एअरबॅग, आसनपट्ट्याची आठवण करून देणारी सूचना आणि मागे घेतानाचे संवेदक अनिवार्य झाले. चालकाशेजारच्या प्रवाशासाठीची एअरबॅग सर्व मॉडेल्सना २०२१ च्या अखेरीपासून सक्तीची झाली. त्यामुळे एकाच नावाच्या दोन मोटारींत दोन-तीन वर्षांच्या अंतराने मोठा फरक असू शकतो.

इंधन: शहरातील कमी अंतराच्या वापरासाठी सहसा पेट्रोल किंवा सीएनजी मोटार निवडली जाते. नव्या डिझेल मोटारींतील काजळी गाळणारा फिल्टर स्वच्छ होण्यासाठी सलग वेगवान प्रवास लागतो. सततच्या तुटक वापरात तो तुंबण्याची शक्यता असते. मुंबई, पुण्यासारख्या शहरांत सीएनजीचा प्रसार मोठा आहे. मात्र बाहेरून बसवलेल्या सीएनजी संचाची नोंद नोंदणी प्रमाणपत्रात असणे आणि गॅसच्या टाकीची दर तीन वर्षांनी होणारी दाबचाचणी झालेली असणे आवश्यक असते. पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत नेले गेल्यामुळे जुन्या मोटारींच्या इंधन नळ्या व रबरी भागांची स्थितीही पाहिली जाते.

सुटे भाग: जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतातील विक्री थांबवली, फोर्डने २०२१ मध्ये येथील उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले आणि २०२२ मध्ये डॅटसन हे नाव बाजारातून गेले. विक्री बंद झालेल्या कंपन्यांच्या मोटारी सहसा स्वस्तात मिळतात. परंतु सुटे भाग आणि जाणकार मिस्त्री जवळपास उपलब्ध आहेत का, यावर ती स्वस्ताई टिकते की नाही हे ठरते.

प्रत्यक्ष तपासणी

तपासणी दिवसाच्या उजेडात, गाडी कोरडी असताना आणि इंजिन थंड असताना केली जाते. ओल्या पत्र्यावर ओरखडे व रंगातील फरक लपतात, तर आधीच तापवून ठेवलेल्या इंजिनात सुरू होतानाचे दोष कळत नाहीत.

बाह्यांग: दरवाजे, बॉनेट व डिकी यांच्या फटी दोन्ही बाजूंस सारख्या आहेत का, रंगाच्या छटा जुळतात का आणि जोडांवरील मूळ वेल्डिंग शाबूत आहे का, यावरून अपघातानंतरचे पत्राकाम ओळखता येते. किनारपट्टीवर वापरलेल्या मोटारींचा तळ, चाकांच्या कमानी आणि दरवाजांच्या खालच्या कडा गंजासाठी पाहिल्या जातात. टायरवर कोरलेल्या चार अंकांपैकी पहिले दोन उत्पादनाचा आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष दर्शवतात. '३५१९' म्हणजे २०१९ चा ३५ वा आठवडा.

इंजिन: सायलेन्सरमधून सतत निळसर धूर येणे हे तेल जळत असल्याचे, दाट पांढरा धूर शीतक द्रव सिलिंडरमध्ये शिरत असल्याचे आणि काळा धूर इंधन पूर्ण जळत नसल्याचे लक्षण असते. तेलाच्या झाकणाच्या आतील बाजूस दुधी थर दिसल्यास तेलात पाणी मिसळल्याचा संशय घेतला जातो. मारुती ८०० च्या इंजिनात टायमिंगसाठी रबरी पट्टा असतो, तर त्याच कंपनीच्या के-मालिकेतील इंजिनांत साखळी असते. पट्टा ठरावीक मुदतीने बदलावा लागत असल्याने तो शेवटचा कधी बदलला, याची नोंद महत्त्वाची ठरते.

चालवून पाहणे: क्लच घसरणे, गिअर टाकताना खरखर होणे, ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढली जाणे आणि खड्ड्यातून जाताना पुढच्या चाकांतून ठकठक आवाज येणे हे खर्चिक दुरुस्तीचे संकेत असतात. वातानुकूलन यंत्र चालू असताना गर्दीतील संथ वेगात इंजिनाचे तापमान स्थिर राहते का, हेही पाहिले जाते.

अंतरमापक: अंतरमापकातील आकडा मागे फिरवण्याची फसवणूक जुनी आहे. त्यामुळे तो आकडा देखभालीच्या नोंदींतील तारीखवार किलोमीटरशी पडताळला जातो. कमी किलोमीटर दाखवणाऱ्या गाडीत पायपट्ट्यांचे रबर झिजलेले आणि स्टिअरिंग गुळगुळीत झालेले असल्यास आकडा संशयास्पद ठरतो.

पुरात बुडालेली मोटार: २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि असंख्य वाहने पाण्याखाली गेली. अशी मोटार धुऊन-पुसून नवीसारखी दिसू शकते. मात्र विद्युत जोडण्यांतील बिघाड अनेक महिन्यांनी उद्भवतात. सतरंजीखालचा व जादा चाकाच्या खोबणीतला गाळ, आसनांच्या रुळांवरील गंज, दिव्यांच्या आत साठलेली वाफ, कुबट वास आणि पूर्ण ओढलेल्या आसनपट्ट्यावरील पाण्याची रेघ ही तिची ओळखचिन्हे आहेत.

कागदपत्रांची पडताळणी

नोंदणी प्रमाणपत्र (आरसी), विमा, प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र (पीयूसी) आणि कर भरल्याचा पुरावा ही मूळ कागदपत्रे होत. नोंदणी प्रमाणपत्रावरील चासी व इंजिन क्रमांक गाडीवर कोरलेल्या क्रमांकांशी ताडून पाहिले जातात. नोंदणीची वैधता, मालकाचा अनुक्रम, विम्याची मुदत आणि थकीत ई-चलान यांची माहिती केंद्र सरकारच्या परिवहन संकेतस्थळावर व एम-परिवहन अॅपवर मिळते.

गाडी कर्जावर घेतलेली असल्यास प्रमाणपत्रावर वित्तसंस्थेचा बोजा नोंदलेला असतो. कर्ज फिटले तरी ही नोंद आपोआप जात नाही. वित्तसंस्थेचे ना हरकत पत्र आणि नमुना ३५ सादर करून ती काढून घ्यावी लागते. परराज्यातील गाडीसाठी नमुना २८ मधील ना हरकत प्रमाणपत्र लागते. वाहन १२ महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवल्यास तेथील नवा नोंदणी क्रमांक घेणे बंधनकारक असते आणि तेथील करही भरावा लागतो.

खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षे वैध असते. त्यानंतर योग्यता तपासणी करून ती ५ वर्षांसाठी नूतनीकृत होते. एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. महाराष्ट्रात १५ वर्षांवरील खासगी वाहनांना पर्यावरण करही लागू आहे. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या वाहनांना उच्च सुरक्षा नोंदणी पाटी बसवणेही राज्यात आवश्यक आहे. यामुळे चौदा वर्षे वयाची गाडी घेताना वर्षभरातच येणारा हा खर्च किमतीत धरावा लागतो.

नावांतरण आणि दायित्व

अधिनियमाच्या कलम ५० नुसार, वाहन राज्यातल्या राज्यात विकल्यास विक्रेत्याने १४ दिवसांत आणि खरेदीदाराने ३० दिवसांत नोंदणी प्राधिकरणास कळवावे लागते. नमुना २९ हा विक्रेत्याने द्यावयाच्या सूचनेचा, तर नमुना ३० हा हस्तांतरणाच्या अर्जाचा असतो. मालकाचा मृत्यू झाला असल्यास वारसाच्या नावे हस्तांतरणासाठी नमुना ३१ वापरला जातो.

कलम २ (३०) नुसार, सर्वसाधारणपणे ज्याच्या नावे वाहन नोंदलेले आहे तो त्याचा मालक ठरतो. या व्याख्येचा परिणाम नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात दिसून आला. त्यातील मोटार २००७ मध्ये विकली गेली आणि नोंदणीतील नाव न बदलताच पुढे एकापाठोपाठ अनेकांच्या हाती गेली. २००९ मध्ये तिच्या अपघातात एकाचा मृत्यू झाला. सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी नुकसानभरपाईचे दायित्व नोंदणीतील मालकावरच ठेवले. अपघातग्रस्तांना एकामागून एक खरेदीदारांचा शोध घेत फिरावे लागू नये, अशी न्यायालयाची भूमिका होती.

जुन्या गाड्यांच्या बाजारात विक्रेत्याकडून कोऱ्या अर्जांवर सह्या घेऊन ठेवण्याची पद्धत आढळते. तिच्यामुळे गाडी किती हातांतून गेली याची नोंद राहत नाही. विकणाऱ्याच्या डोक्यावर अपघाताचे व दंडाचे दायित्व राहते, तर घेणाऱ्याला नावावर नसलेली गाडी पुढे विकता येत नाही. हा दोष दूर करण्यासाठी १ एप्रिल २०२३ पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांत अधिकृत विक्रेत्यांची तरतूद झाली. मालकाने गाडी विक्रेत्याच्या ताब्यात दिल्याचे नमुना २९ग द्वारे कळवल्यानंतर तो विक्रेता मानीव मालक ठरतो.

विमा

कलम १५७ नुसार विक्रीसोबत विमा खरेदीदाराकडे गेल्याचे मानले जाते. न्यायालयांनी ही तरतूद तृतीय पक्षाच्या विम्यापुरती मर्यादित मानली आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण मिळण्यासाठी खरेदीदाराने १४ दिवसांत विमा कंपनीकडे नाव बदलून घेणे आवश्यक असते. अन्यथा दावा नाकारला जाऊ शकतो. दावा न केल्याबद्दल मिळणारी, जास्तीत जास्त ५० टक्क्यांची सवलत ही गाडीची नसून व्यक्तीची असते. त्यामुळे ती विक्रेत्याकडेच राहते आणि नव्या मालकाला फरकाची रक्कम भरावी लागते.

किंमत

किमतीच्या अंदाजासाठी विम्यातील घोषित मूल्याचा आधार घेतला जातो. त्यासाठी रूढ असलेल्या घसारा तक्त्यात सहा महिने ते एक वर्ष वयाच्या गाडीस १५ टक्के, तर चार ते पाच वर्षे वयाच्या गाडीस ५० टक्के घट धरतात. पाच वर्षांपुढील मूल्य विमा कंपनी व विमाधारक परस्परसंमतीने ठरवतात. नोंदणीकृत व्यापाऱ्याने विकलेल्या जुन्या मोटारीवर वस्तू व सेवा कर संपूर्ण किमतीवर नसून केवळ त्याच्या नफ्याच्या फरकावर लागतो. छोट्या मोटारींसाठी हा दर डिसेंबर २०२४ मधील परिषदेच्या निर्णयानंतर १२ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. दोन खासगी व्यक्तींमधील विक्रीवर हा कर नाही.

मोटारीचा खरा खर्च मागितलेल्या किमतीत टायर, बॅटरी, क्लच, विमा, नावांतरण आणि नजीकच्या नोंदणी नूतनीकरणाची रक्कम मिळवल्यावरच कळतो. त्यामुळे कमी किमतीची पण थकीत देखभालीची गाडी अनेकदा थोड्या अधिक किमतीच्या सुस्थितीतील गाडीपेक्षा महाग पडते.