सिंगापूरची बँक, पण आशियातली नाही : वाळूखाली गेलेल्या गावाच्या नोटा आजही विकल्या जातात

जुन्या नोटांच्या लिलावात कधीकधी 'बँक ऑफ सिंगापूर'ची नोट दिसते. आपल्याला वाटतं, मलायाजवळचं सिंगापूर. पण नोटेवर राज्याचं नाव असतं मिशिगन.

विषय असाय की 1836 मध्ये न्यूयॉर्ककडच्या ओशिया वाइल्डर नावाच्या जमीन-व्यावसायिकाने मिशिगन सरोवराच्या काठी, कलामाझू नदीच्या मुखाशी हे गाव वसवलं. लाकूड कापायच्या गिरण्या, बंदर आणि थेट शिकागोला टक्कर द्यायची स्वप्नं. मग गावाला बँक नको का?

बँक काढणं तेव्हा सोपंही होतं. मिशिगन जानेवारी 1837 मध्ये राज्य झालं आणि मार्चमध्येच नवा कायदा आला. डझनभर जमीनधारक एकत्र आले की बँक उघडायची, जमिनी तारण दाखवायच्या आणि स्वतःच्या नावाच्या नोटा छापायच्या. अट एकच जड होती: भांडवलाच्या 30 टक्के रक्कम सोन्याचांदीच्या नाण्यांत हवी. त्यात त्याच वर्षी देशभर मंदी आली. नोटेच्या बदल्यात नाणं देण्याची सक्ती सरकारने काही काळ उठवली, पण नव्या बँका निघतच राहिल्या.

मग सुरू झाला खेळ. तपासनीस यायच्या आत नाण्यांची तीच पेटी एका बँकेतून दुसरीकडे पोचायची. काही पेट्यांत वर नाणी आणि खाली खिळे, काचा. जंगलात थाटलेल्या अशा बँकांना नाव पडलं 'वाइल्डकॅट', म्हणजे रानमांजर.

1839 पर्यंत यातल्या बहुतेक बुडाल्या. सिंगापूरची त्यातलीच. फटका कुणाला? ज्याने धान्य, लाकूड किंवा मजुरी देऊन ती नोट खिशात घातली त्याला. छापणारा कधीच मोकळा झाला होता. 1844 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदाच घटनाबाह्य ठरवला.

गाव मात्र लाकडावर टिकून राहिलं. 1871 च्या शिकागोच्या आगीनंतर लाकडाची मागणी वाढली, आसपासचं जंगल साफ झालं. वाळू अडवायला झाडंच उरली नाहीत. 1875 पर्यंत गाव ओस पडलं आणि हळूहळू टेकड्यांखाली गेलं. शेजारचं सॉगटक गाव मात्र आजही आहे.

आता नोटांचं. अशा बुडीत बँकांच्या नोटांना संग्राहक 'ब्रोकन बँक नोट' म्हणतात. त्या काळात 3 डॉलरची नोटही चालायची, हे ऐकून अनेकांना गंमत वाटते. अनेक नोटा कोऱ्याच राहिल्या, म्हणजे सही, तारीख, क्रमांक काहीच नाही. आणि नंतर कुणीतरी त्यावर सही ठोकून 'चलनातली' म्हणून विकल्याचेही प्रकार होतात. शिवाय जुनाट दिसणाऱ्या कागदावरच्या स्वस्त प्रतिकृती ढिगाने मिळतात. त्यामुळे ऑनलाइन फोटो बघून पैसे पाठवायच्या आधी नोट जाणकाराला दाखवा. बँक तेव्हाच बुडाली, तुमचे पैसे आत्ता बुडतील!

राज्यांच्या बँकांनी काढलेल्या नोटा शेवटी बंद पडल्या त्या करामुळे. 1866 पासून अमेरिकेच्या केंद्र सरकारने त्यांच्यावर 10 टक्के कर लावला, आणि नोट काढणं परवडेनासं झालं.