तळटीप : ‘एको’ या आज्ञेविषयी

१. लेखकाने येथे ‘एको’स फंक्शन म्हटले आहे, मूळ पाठ आम्ही कायम ठेवला असला, तरी १९९५ साली रासमुस लेरडॉर्फ यांनी प्रसिद्ध केलेल्या पीएचपी या भाषेत ‘एको’ हे फंक्शन नसून व्याकरणातच अंतर्भूत असलेली आज्ञा आहे, आणि म्हणूनच तिला कंसाची सक्ती नाही, तसेच हुकुमाची तामिली झाल्यावर ती मागे काहीही परत करीत नाही. (तिची बहीण ‘प्रिंट’ मात्र पोचपावतीदाखल नेहमी १ हा अंक देते; ती पावती सहसा कोणी उघडून पाहत नाही.)

नवशिक्यांची खरी गफलत निराळीच आहे. पाच आणि सात यांची बेरीज करणाऱ्या फंक्शनाने उत्तर ‘रिटर्न’ने बोलावणाऱ्याच्या स्वाधीन करण्याऐवजी आतल्या आतच ‘एको’ केले, आणि बाहेर ‘एकूण :’ हे शब्द टिंबाने त्या फंक्शनाला जोडून पुन्हा ‘एको’ केले, तर पानावर ‘१२एकूण :’ असा विपरीत क्रम उमटतो. कारण जोडणी पुरी होण्यापूर्वी फंक्शन चालवावेच लागते आणि तेवढ्यात ते आपला आकडा परस्पर छापून मोकळे होते. टिंबाऐवजी स्वल्पविराम घातल्यास क्रम सुधारतो खरा, पण त्यामुळे दोष केवळ झाकला जातो, आणि तोच आकडा पुढील हिशेबात घ्यावयाचा म्हटले की हाती काहीच लागत नाही.

— संपादक